एक्केचाळीस टिबुकल्या

२८ ऑगस्ट, गुरुवार

मुलीने, टिबूने, ही डायरी मला जानेवारीत दिली. तिच्या औषधांच्या दुकानात कंपन्या अशा पाच-सहा डायऱ्या फुकट देऊन जातात. प्रत्येक पानाच्या तळाशी पोटाच्या औषधाची एकेक ओळ छापली आहे. आठ महिने ती कोरीच पडून होती, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आज घडलं.

शोध लावणाऱ्या माणसाने त्या दिवशी काय लिहून ठेवलं होतं, हे लोक पुढे शोधत बसतात आणि सापडत नाही. माझ्या बाबतीत ती अडचण नको, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

मी संग्रहालयाच्या पक्षी विभागात लेखनिक आहे. तेहतीस वर्षं झाली. लोक येऊन बघतात ते पुढच्या दालनातले, काचेचे डोळे लावलेले पक्षी. खरा संग्रह मागच्या खोलीत, लाकडी कपाटांच्या खणांत आहे. पोटात कापूस भरून उताणे झोपवलेले पक्षी, आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने बांधलेलं लेबल. त्यावर जात, ठिकाण, तारीख आणि आणणाऱ्याचं नाव. पक्षी मुका, बोलतं ते लेबल. लेबल नसेल तर पक्षी म्हणजे नुसती पिसांची मूठ. कुणी नवीन कामाला लागलं की हे वाक्य मी त्याला पहिल्याच दिवशी ऐकवतो.

३१ ऑक्टोबरला मी निवृत्त होतो आहे. त्याआधी सगळे खण तपासून यादी करून द्या, असा साहेबांचा हुकूम. साहेब म्हणजे आमचे संचालक. त्यांना पक्ष्यांतलं फारसं कळत नाही, पण याद्या आवडतात. आज सतरावा खण ओढला. टिबुकल्या, नग एक्केचाळीस.

टिबुकली म्हणजे तळ्यातली मुठीएवढी पाणबुडी. आपण 'ती बघा' म्हणेपर्यंत पाण्याखाली गेलेली असते. शेपूट नसल्यात जमा, पाय पार बुडाशी. जमिनीवर तिला धड चालता येत नाही, पण लेबल बांधायला इतका सोयीचा पक्षी दुसरा नाही.

आपल्याकडच्या टिबुकल्यांचं पोट पांढुरकं असतं. काळ्या पोटाची एक जात आहे, पण ती समुद्रापार एका बेटावरच्या तळ्यात राहते. तिचे नग आमच्याकडे आहेत. आज मला काळ्या पोटाची एक टिबुकली सापडली, आणि तिच्या लेबलावर ठिकाण होतं 'गावतळे'. आमचं गावतळं! घरापासून चालत वीस मिनिटं.

मी खण हळूच बंद केला आणि कुणाला काही बोललो नाही. आजच्या पानाच्या तळाशी छापलंय: 'पोट हलकं, मन हलकं.'

३० ऑगस्ट, शनिवार

मोजमापं घेतली. पुस्तकात बेटावाल्यांच्या चोचीचं माप दिलंय, गावतळ्याच्या काळपोटीची त्यापेक्षा दोन मिलिमीटर लांब भरली. (माझी फूटपट्टी टिबूच्या शाळेच्या वेळची आहे, पण मिलिमीटर काही बदलत नाहीत.) टिबुकली उडायला आळशी, समुद्र ओलांडून येणं शक्य नाही. याचा अर्थ एकच. ही वेगळी जात आहे, आणि जगाच्या पाठीवर फक्त आमच्या गावतळ्यात आहे.

आता प्रश्न नावाचा. शास्त्रात शिष्टाचार असा की शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायचं नाही. तसा लेखी नियम नाही, पण देणाऱ्याला निर्लज्ज समजतात. दुसऱ्या कुणीतरी आपणहून आपलं नाव सुचवावं लागतं. लांबच्या विद्यापीठात एक बाई आहेत. कुठली पाणपाखरं कुठवर आढळतात याची यादी त्या करतात, आणि त्यांची यादी म्हणजे शेवटचा शब्द. त्यांना आज पत्र लिहिलं. सही नेहमीपेक्षा मोठी आणि सुवाच्य केली. खाली साहजिकपणे लिहिलं की माझ्या आडनावाला लॅटिन शेपूट सहज जोडता येतं.

घरी हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, पण पक्ष्याला कळणार का तुमचं नाव?"

तेहतीस वर्षांत मी हजारो लेबलं लिहिली. त्यांवर आणणाऱ्याचं नाव असतं, ओळखणाऱ्याचं असतं. लिहिणाऱ्याचं कुठेच नसतं. मागे सही करायची तीही फक्त आद्याक्षरांत. आता जाण्याआधी एका तरी पक्ष्याला माझं नाव लागावं, एवढीच इच्छा आहे. हिला हे समजावून सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून मीही चार शेंगा निवडल्या.

१ सप्टेंबर, सोमवार

म्हणतात ना, देणारा देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. आज त्याच खणात दुसरा शोध लागला. बेटावरून आलेल्या चार टिबुकल्यांपैकी तीन काळपोटी आहेत, आणि चौथीचं पोट चक्क आपल्या टिबुकल्यांसारखं पांढुरकं. म्हणजे आपली साधी टिबुकलीसुद्धा त्या बेटावर राहते, आणि ही गोष्ट आजवर जगात कुणाच्या लक्षात आलेली नाही!

आमच्याकडे त्यांची एक, त्यांच्याकडे आमची एक. निसर्गाचा हिशेब किती चोख असतो. हाही मुद्दा बाईंना कळवला.

७ सप्टेंबर, रविवार

दुर्बीण घेऊन गावतळ्यावर गेलो. तिथे बदकाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या भाड्याने देणारा होडीवाला आहे. वीस वर्षं तळ्यावर आहे म्हणे. त्याला काळ्या पोटाच्या टिबुकलीबद्दल विचारलं. तो म्हणाला, इथे एकच जात. उन्हाळ्यात मान तांबडी होते, मग पुन्हा मळकी. पिल्लं पाठीवर घेऊन फिरते. घरट्यावरून उठताना अंड्यांवर शेवाळ ओढून जाते. पोट पांढरंच.

अशा लोकांचं निरीक्षण चांगलं असतं, पण त्याला शिस्त नसते. मी तीन तास बसलो. अकरा टिबुकल्या दिसल्या, सगळ्या पांढऱ्या पोटाच्या. काळपोटी दिसली नाही, आणि हे माझ्या म्हणण्याला पोषकच आहे. बुडी मारण्यात ती इतकी पटाईत नसती तर एव्हाना कुणाला तरी दिसलीच असती.

घरी आलो तेव्हा टिबूचा रविवारचा फोन येऊन गेला होता. टिबू हे तिचं घरातलं नाव. कुणी ठेवलं आठवत नाही. हिच्या माहेरचं कुणीतरी असावं, त्या लोकांना असली नावं सुचतात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बाईंचं उत्तर आलं. फार सभ्य पत्र आहे. 'अतिशय रोचक' असं दोनदा लिहिलंय. पुढे एक किरकोळ प्रश्न: ही लेबलं मूळची की उतरवून घेतलेली, आणि उतरवली असतील तर कधी.

या प्रश्नाने मला बरंच वाटलं, कारण ते काम माझंच. नोकरीच्या सुरुवातीला जुन्या लेबलांची शाई उडत चालली होती. माझं अक्षर बघून तेव्हाच्या साहेबांनी सगळा संग्रह नव्याने उतरवायला दिला. मी माझी पद्धत बसवली. एका वेळी एक अख्खा खण. सगळी लेबलं सोडवायची, टेबलावर पक्ष्यांच्याच क्रमाने मांडायची, नवी कोरी लिहून काढायची, शाई वाळू द्यायची आणि मग ओळीने बांधत जायचं. जुनी लेबलं त्याच दिवशी जाळायची, म्हणजे पसारा उरत नाही. एकेक करत बसणारे लोक वेळ फार घालवतात. माझी धांदल कधी झाली नाही. एकदाच कसलासा फोन आला म्हणून एक खण तसाच उघडा टाकून जावं लागलं होतं. पंखा चालू राहिला होता. दोन दिवसांनी आलो, खाली उडालेली लेबलं गोळा केली आणि आठवणीने बांधून टाकली. माझी आठवण तेव्हा खासच होती. फोन कसला होता तेही आता आठवत नाही, इतकी ती क्षुल्लक गोष्ट.

उतरवल्याची तारीख लेबलांच्या मागे असेल. बघू सवडीने.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आजचा दिवस चमत्कारिक गेला. सकाळी हिने काहीतरी गोड केलं होतं. वाटी पुढ्यात ठेवून विचारलं, "आज काय आहे, आठवतंय का?" मी म्हटलं, बाईंचं दुसरं पत्र आज यायला हवं. वाटी जरा जोरात सरकली. पत्र आलं नाही.

संध्याकाळी टिबूचा फोन आला, शुक्रवार असून. मी काळपोटीच्या वसतिस्थानाचा नकाशा काढत होतो. एकच तळं असल्यामुळे नकाशा लहान आहे, पण काठ नीट यायला हवेत. एका हातात पेन धरूनच बोललो. लॅटिन नावं कशी बनवतात ते तिला समजावून सांगितलं. माझं नाव अजून कुठेच छापलेलं नाही, हेही बोलून दाखवलं. ती म्हणाली, "बरं, बाबा." मग फोन ठेवते म्हणाली. दुकानात काम वाढलं असेल.

तिच्या दुकानात भिंतीवर तिचा परवाना लावला आहे. त्याचा फोटो तिने मागे पाठवला होता. अक्षर यंत्राचं, जीव नसलेलं. तिच्या नावापुढे माझं नाव आहे, पण तिथे वडिलांचं नाव लिहावंच लागतं. त्यात विशेष काय?

झोपायच्या आधी ही म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." म्हण समर्पक आहे. पक्षी गावतळ्यात, आणि जग शोधत होतं बेटांवर. हिला हळूहळू या विषयात गोडी वाटू लागली आहे असं दिसतं.

२८ सप्टेंबर, रविवार

पुन्हा तळ्यावर. काळपोटी पुन्हा दिसली नाही. मी होडीवाल्याला म्हटलं, समोर दिसतं तेवढंच असतं असं नाही. तो दोर गुंडाळत म्हणाला, "साहेब, कुठंही जा, पळसाला पानं तीनच. टिबुकली ती टिबुकली." मग माझ्या पायाशी बोट करून म्हणाला की मी त्याच्या दोरावर उभा आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार

बाईंचं पत्र आलं. नग खरोखर गावतळ्याचा ठरला, तर नाव माझं द्यायला त्यांना आनंदच होईल. मात्र त्या स्वतः येऊन बघणार, येत्या गुरुवारी.

साहेबांना दाखवलं. ते खुर्चीतून उठले, हे माझ्या पाहण्यात दुसऱ्यांदा. म्हणाले, ३१ तारखेच्या माझ्या निरोपाच्या कार्यक्रमातच हे जाहीर करू. पत्रिका आजच छापायला टाकतो. बाई अजून यायच्या आहेत, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "येतील आणि बघतील. पक्षी काय उडून जाणार आहे?"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तशातली गत आहे. पण पत्रिकेत माझ्या नावाचा टाइप मोठा घ्या, एवढं मात्र मी सुचवून आलो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बाई येऊन गेल्या. चाळिशीच्या आहेत, बारीक बोलतात. सोबत चोच मोजायचं स्टीलचं उपकरण होतं. त्यांच्या मापाने काळपोटीची चोच लांब भरली नाही. बेटावाल्यांइतकीच निघाली. माझी फूटपट्टी हातात घेऊन त्यांनी टोकाकडे नुसतं बघितलं. टोक झिजलंय.

मग त्यांनी बेटावरच्या चार टिबुकल्या मागितल्या. पांढऱ्या पोटाच्या टिबुकलीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. तिला गावतळ्याच्या काळपोटीशेजारी ठेवलं. नंतर दोघींची लेबलं उलटली. दोन्हींच्या मागे माझी आद्याक्षरं आणि एकच तारीख, एकतीस वर्षांपूर्वीची: १९ सप्टेंबर.

"दोन्ही एकाच दिवशी उतरवलीत?" त्यांनी विचारलं.

अख्खा खण त्या दिवशी उतरवला, असं मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी चहा संपवला, उपकरण डबीत ठेवलं आणि म्हणाल्या, "घाई नाही. तुम्ही शांतपणे विचार करा, मग मला कळवा." मी म्हटलं, विचार तर करून झालाय. त्यांनी नमस्कार केला.

मला वाटतं त्यांना थोडा मत्सर वाटला असावा. आपण आयुष्यभर याद्या करायच्या आणि एखाद्या लेखनिकाने येऊन नवी जात शोधायची, हे कुणालाही जडच जाणार. ती तारीख मात्र कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते. हिला विचारतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

विचारलं.

हिने आधी माझ्याकडे नीट पाहिलं, मी थट्टा करतोय का म्हणून. मग बसली आणि सांगितलं.

एकतीस वर्षांपूर्वी १९ सप्टेंबरला दुपारी दवाखान्यातून संग्रहालयात फोन आला, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी. मी धावत आलो. चप्पल घालायला विसरलो होतो, बोटाला शाई होती, आणि करंगळीला लेबलाचा दोरा गुंडाळलेला. नर्सने मुलगी हातात दिली. मुठीएवढी, काळसर, डोक्यावर ओल्या पिसांसारखे केस. मी म्हणालो, "टिबुकली आली!" पुढे दोन दिवस मी कामावर गेलोच नाही.

हिच्या माहेरच्या लोकांनी नाव वगैरे काही ठेवलं नव्हतं.

मागच्या महिन्यात ते गोड कशासाठी होतं, तेही आज कळलं. टिबू बत्तिसाव्या वर्षात गेली आणि मी तिला लॅटिन शिकवलं. लाज वाटली. खूप वाटली, हे इथे लिहून ठेवतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. आता सगळं स्पष्ट आहे. पंख्याने लेबलं उडाली, मी आनंदात होतो, आणि गावतळ्याची गेली बेटावर व बेटावरची आली गावतळ्यात. नवी जात वगैरे काही नाही. मीच ती तयार केली, दोन गाठी मारून.

साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. दार लावून घेतलं. म्हणाले, "दोन लेबलं बदलून टाका आणि विषय मिटवा. पत्रिकेतली ती ओळ वगळू. तुम्ही इतकी वर्षं इतकं नीट काम केलंत. जाताना कशाला उकरून काढायचं?"

दगडापेक्षा वीट मऊ. दुपारी मी दोन्ही लेबलं सोडवून अदलाबदल केली. काळपोटी बेटावर गेली, पांढरी गावतळ्यात आली. कुणालाही काही कळलं नसतं. चूक दुरुस्तच झाली की! घरी येऊन दोन वाट्या भात जेवलो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

खण सरकवण्याआधी उगाच बाकीच्यांकडे बघितलं. आपल्याकडच्या सदतीस टिबुकल्या. एक कुठल्याशा धरणाची, एक खाडीकाठची, एक डोंगरातल्या तळ्याची. सगळ्यांची पोटं पांढुरकी, सगळ्या सारख्या. त्या दोघींची चूक रंगामुळे उघडी पडली. या सारख्या दिसणाऱ्यांत खाडीची धरणात आणि धरणाची डोंगरात गेली असेल तर कोण सांगणार? मी तरी नाही. जुनी लेबलं जाळली, पसारा नको म्हणून.

आणि बेटावरच्या तिघी तरी एकमेकींत बदलल्या नसतील कशावरून? त्या तीन वेगवेगळ्या वर्षी आलेल्या आहेत.

खण बंद केला. पानाखालची ओळ: 'जळजळ? दोन चमचे.'

१८ ऑक्टोबर, शनिवार

टिबू आली आहे. रजा घेऊन, माझ्या निरोपापर्यंत राहणार म्हणते. मी आधी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "बाबा, एकतीस वर्षांत तुम्ही चार वेळा विसरलात. सरासरी वाईट नाही."

मग तिला सगळं सांगितलं, साहेबांचा सल्लाही. दोन लेबलं बदलून झाली आहेत असंही सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, झालं तर मग. ती बराच वेळ बोटाने टेबलावर रेघा ओढत राहिली.

म्हणाली, "आमच्याकडे दोन बाटल्यांची लेबलं बदललेली सापडली, तर आम्ही त्या दोन बाटल्या बदलून ठेवत नाही, बाबा. त्या दिवशी त्या हाताने लावलेली अख्खी फळी काढतो. कितीही महाग असली तरी."

मी म्हटलं, हे पक्षी आहेत, कुणी मरणार नाही. ती म्हणाली, "मेलेच आहेत. आता निदान त्यांच्याबद्दल खोटं तरी बोलू नका. हे वाक्य कुणाचं आहे? पक्षी मुका, बोलतं ते लेबल."

माझंच आहे. लहानपणी तिने ते इतक्यांदा ऐकलं की तिला पाठ झालं. स्वतःचीच वाक्यं माणसाने घरात जपून बोलावीत.

अख्ख्या फळीचा अर्थ मला कळत होता. ठिकाण गेलं की अभ्यासाला त्या पक्ष्याचा उपयोग संपला. एक्केचाळीस टिबुकल्या, कुणी शंभर वर्षांपूर्वी चिखलात उतरून आणलेल्या, आणि त्यांची पिसांची मूठ करणारा मी. निवृत्तीला तेरा दिवस असताना हे स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. लोक म्हणतील, तेहतीस वर्षं हा काय करत होता?

२० ऑक्टोबर, सोमवार

साहेबांना सांगितलं की अख्खा खण रद्द करावा लागेल. ते पुन्हा उठले. तिसऱ्यांदा. म्हणाले, लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, तुम्ही उंदरासाठी डोंगरच पाडताय. मग नियमांचं पुस्तक काढलं, मला अडवणारं एखादं कलम मिळेल या आशेने. मिळालं ते उलटंच: ठिकाण बदलल्यास प्रत्येक नगाला नवे लेबल लावावे, त्यावर कारण लिहावे, आणि दुरुस्ती करणाऱ्याने पुढील बाजूस पूर्ण नाव लिहून सही करावी.

बाईंना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, पंखासुद्धा. सही लहान केली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बाईंचं उत्तर आलं. त्या लिहितात की इथे आल्या त्याच गुरुवारी त्यांच्या लक्षात आलं होतं. पण ही गोष्ट दुसऱ्याने सांगण्यापेक्षा ज्याची त्याने शोधलेली बरी, म्हणून गप्प बसल्या. मत्सराबद्दल मी इथे लिहिलं होतं ते खोडत नाही. राहू दे तिथे.

पुढे लिहितात की त्यांच्या येत्या यादीत माझं नाव येईल. शेवटी, 'वगळलेल्या नोंदी' या भागात: गावतळ्याची काळपोटी, रद्द, आणि कळवणाऱ्याचं नाव. बारीक टाइपात.

ही म्हणाली, "छापून येणार ना? मग झालं तर."

२६ ऑक्टोबर, रविवार

तिघं तळ्यावर गेलो. होडीवाल्याने विचारलं, सापडली का तुमची ती काळी? मी म्हटलं, सापडली, घरातच होती. त्याने टिबूकडे बघितलं. तिचा रंग माझ्यावर गेला आहे. तिला होडीत बसायचं होतं. हिने आणि तिने पायडल मारलं. मी काठावर दुर्बीण घेऊन बसलो आणि पहिल्यांदाच साध्या टिबुकलीकडे नीट पाहिलं. ती बुडाली की कुठे वर येईल याचा अंदाज मी नऊ वेळा केला, नऊही वेळा चुकला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

चार दिवस लेबलं लिहीत होतो. घाई केली नाही. या वेळी पद्धत बदलली: एक पक्षी, एक लेबल, एक गाठ, मग पुढचा. पंखा बंद. टिबू शेजारी बसून नगांचे क्रमांक वाचून दाखवत होती आणि दोरे कापून देत होती.

कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा मी 'लेखनिकाचा हलगर्जीपणा' असं लिहिलं होतं. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. तो कागद फाडला. मग प्रत्येकावर असं लिहिलं: 'टिबुकली. ठिकाण अनिश्चित. लेबले उतरवताना मिसळली. त्या दिवशी लेखनिकाला मुलगी झाली.' खाली तारीख आणि माझं पूर्ण नाव. आद्याक्षरं नाहीत.

सकाळी साहेब येऊन वाचून गेले. विचारलं, मुलगी झाली हे लेबलावर कशाला? मी म्हटलं, "कारणाचा रकाना आहे, साहेब. तो कोरा ठेवता येत नाही." त्यांनी चष्मा पुसला आणि यादीवर सही केली.

कार्यक्रम दुपारी झाला. पत्रिकेतली ती ओळ वगळायची राहून गेली होती, त्यामुळे नव्या जातीची घोषणा कधी होणार म्हणून लोक शेवटपर्यंत बसून राहिले. एरवी इतके थांबले नसते. साहेबांनी भाषणात माझ्या नेमकेपणाचं कौतुक केलं. ही पहिल्या रांगेत होती, खोकल्यासारखं करत राहिली. मी उठून जे झालं ते सांगून टाकलं. पाच मिनिटं लागली. मागून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. टाळ्या कशासाठी होत्या ते नक्की कळलं नाही, पण बरं वाटलं.

कार्यक्रमानंतर टिबूला घेऊन मागच्या खोलीत गेलो, किल्ली परत करण्याआधी. सतरावा खण शेवटचा ओढला. सगळ्या उताण्या, पायांना पांढरीशुभ्र लेबलं, प्रत्येकावर माझं नाव. मी तिला म्हटलं, बघ, एका पक्ष्याला नाव लागावं म्हणून जीव टाकत होतो, आणि लागलं एक्केचाळिसांना.

ती खणावर वाकून मोजल्यासारखं करत म्हणाली, "बेचाळीस, बाबा. माझा परवाना बघितलाय ना?"

मग खण तिनेच बंद केला, कारण मला नीट दिसत नव्हतं.

किल्ली दिली. घरी आलो. पानाखाली आज काही छापलेलं नाही, पोटाची जाहिरात बहुधा काल संपली. दुरुस्ती नोंदवून ठेवतो: वर एक्केचाळीस लिहिलं आहे, ते बेचाळीस असं वाचावं. कारण वर दिलंच आहे. खाली पूर्ण नाव लिहून सही केली आहे.